सुवर्णाची बटनं आणि महेशभाई

सुवर्णाला कोणी विचारलं असतं, बाई, तुझ्या डोक्याला ताप कोणाचा, तर तिने सासूचं नाव घेतलं नसतं, नवऱ्याचंही नाही. ती म्हणाली असती, महेशभाईंचा. आणि बारडोलीहून रोज अपडाउन करणाऱ्या महेशभाईंना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, सुवर्णाबेनचा. दोघं रोज एकाच खुर्चीवर बसायचे, पण एका वेळी नाही. सकाळी आठ ते दोन ती, दोन ते नऊ ते. खुर्ची एक, कॉम्प्युटर एक, मेलचा पत्ताही एकच. आणि भांडण सगळं त्या कॉम्प्युटरच्या बटनांवरून.

सुवर्णा मूळची अमळनेरकडची. बाप लूमवर कामाला म्हणून सुरतेला आला तेव्हा ही कडेवर होती. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिकली, बारावी झाली, गजेंद्राशी लग्न झालं. गजेंद्र सुरतेतल्याच पांडेसऱ्यात एका मिलमध्ये कापड सुकवायच्या मशीनवर. पोरं शाळेला लागली तशी हीपण एका डाईंग मिलच्या ऑफिसात चिकटली. होळी झाली आणि ही लागली. शेठ म्हणाले, "दिवाळीपर्यंत काम बघतो, मग पक्की करतो." पक्की म्हणजे पगार वाढणार, दवाखान्याचं कार्ड मिळणार. आणि गजेंद्राची मिल तेव्हापासून आठवड्यात तीनच दिवस चालायला लागली होती, म्हणजे या पक्कीवर घरातल्या चार ताटांची नजर होती.

काम काय, तर मेलचं. मार्केटातले व्यापारी कोरं कापड मिलला रंगवायला पाठवतात, त्यांना म्हणायचं पार्टी. ही पार्टी मेल करते, अमका रंग थोडा फिका करा, ती म्हणते तमका लॉट थांबवा, तिसरी म्हणते नमुना पसंत आहे, चालू करा. रंग ठरला की सुवर्णाने ओके लिहायचं आणि त्याची नक्कल कलर किचनला पाठवायची. कलर किचन म्हणजे जिथे रंग कालवतात ती खोली. तिथे लोटूमास्तर, आपले धुळ्याकडचे. तीस वर्षं सुरतेत राहिले पण जीभ काही बदलली नाही, अजून अहिराणीच. ओके असलेला कागद हातात आला की मास्तर तो कापडाचा लॉट मशीनमध्ये टाकणार. एकदा पडला की पडला, आमटीत मीठ पडल्यासारखा.

सकाळी ऑफिस उघडायचं तर दोनशे मेल वाट बघत बसलेले. अकराच्या आत निपटवायचे. आणि माऊस कसला, तर उंदराने वायर कुरतडलेली, वर चिकटपट्टी. वायर अंगठ्याने दाबून धरली तर चालायचा, नाही तर रुसायचा. नवा मागितला तर शेठ म्हणाले, "चाले छे ने?" चालतोय ना! आता चालतोय तर चालतोय, म्हातारा बैलही चालतोच.

मग सुवर्णाने काय केलं, मोबाईलवर एक मुलगा हिंदीत कॉम्प्युटर शिकवतो, त्याचं बघून बघून शिकली. त्या मेलमध्ये म्हणे सोय असते, कुठल्या बटनाने काय व्हावं ते आपण ठरवायचं. माऊसला हात लावायचा नाही. एक बटन दाबलं की पुढचा मेल, दुसरं दाबलं की कलर किचनला रवाना, तिसरं दाबलं की कचऱ्यात. तिने एकेक करून बावीस बटनं लावली. मिसळणाचा डबा असतो ना, हळद कुठे, मोहरी कुठे, हाताला पाठ असतं, डोळे गॅसवर असले तरी चिमूट बरोब्बर पडते, तसं. सगळ्यात कामाचं बटन तिने के वर ठेवलं. के दाबलं की आपोआप उत्तर जायचं, "ओके, काम चालू करतो", नक्कल कलर किचनला जायची आणि तो मेल समोरून नाहीसा व्हायचा. दिवसातून साठ वेळा तेच लिहायचं, ते एका बोटावर आलं. दोनशे मेल साडेदहाला संपायला लागले. शेठ दारातून डोकावून म्हणाले, "वाह बेन!" वाह म्हणायला माऊस लागत नाही.

पण दोन वाजता महेशभाई यायचे. महेशभाईंना निवृत्त व्हायला दीड वर्ष राहिलं होतं. वीस वर्षं त्या खुर्चीत बसलेले, एका बोटाने टाईप करणारे. त्यांना बटनं माहीत तीन. त्यातलं लाडकं डी. डी दाबलं की मेल बाजूच्या खणात जायचा, नंतर बघू म्हणून. जो मेल कळला नाही, डी. ज्या मेलचा राग आला, डी. आणि सुवर्णाने पहिल्या फेरीत डी सुद्धा बदललं होतं.

"सुवर्णाबेन! मारां बटन क्यां गयां?" दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला ओरडतच आले. माझी बटनं कुठे गेली!

"इथेच आहेत महेशभाई. डी च्या जागी आता जी दाबायचं."

"वीस वर्षं डी दाबतोय मी. तुम्ही काल आल्या."

"काल नाही, होळीला आले."

"माझ्यासाठी काल!"

आणि त्या माणसाने काय करावं? सेटिंगमध्ये एक बटन असतं, सगळं पहिल्यासारखं करा, ते दाबलं. तिची बावीसच्या बावीस बटनं पुसली गेली. सकाळी सुवर्णा येते, के दाबते, काही होत नाही. अर्धा तास गेला परत लावण्यात. संध्याकाळी त्यांनी परत पुसली. सकाळी तिने परत लावली. असं एकदा नाही, तीनदा झालं. ती घरी येऊन भांडी आपटायची. गजेंद्र म्हणायचा, "अगं, शेठला सांग, दोघांचं वेगवेगळं करा." सांगितलं होतं की. शेठ म्हणाले, पार्टीला एकच पत्ता माहीत आहे, दोन खाती केली तर दोन गोंधळ. तुम्ही दोघं समजून घ्या.

समजून घ्या! चूल एक आणि सुना दोन, आणि सासरा म्हणतो समजून घ्या.

शेवटी तिनेच माघार घेतली. डी त्यांना परत दिलं, बाकीची आपली ठेवली, कोणतं बटन कशाचं ते एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवलं. महेशभाईंनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "बायका घरात डब्यांवर नावं लिहितात, तसं केलंय." सुवर्णाला ते असं झोंबलं, असं झोंबलं, की तिने त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. दोन वाजता ती उठायची, ते बसायचे. मध्ये ना राम राम ना जय श्रीकृष्ण. काही बदललं तर चिठ्ठीवर लिहायचं, बस.

असा महिना गेला आणि दसरा आला.

दसऱ्याला मिलमध्ये सगळ्या मशीनची पूजा. शेठची आई, बा, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत टेकत येतात आणि एकेका मशीनला स्वतःच्या हाताने कुंकू लावतात. बॉयलरला लावलं, रंगाच्या मशीनना लावलं, मग ऑफिसात आल्या. पडद्याला झेंडूची माळ घातली, अशी जाड की वरचा अर्धी वीत पडदा दिसेना. कीबोर्डावर हळद, कुंकू, मूठभर अक्षता, वर फुलाने पाणी शिंपडलं. सुवर्णा पुढे झाली. म्हणाली, "बा, पाणी..."

बा म्हणाल्या, "बेटा, लक्ष्मी आहे ती. आणि तीन दिवस पुसायचं नाही हं कोणी. कुंकू पुसलं तर बरकत जाते."

शेठ मागे उभे होते. त्यांनी मान हलवली. मग काय, कोण पुसतंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णा बसली. बोटं कुंकवाने लाल. के दाबलं, तर दबेचना. अक्षतांचा एक दाणा आत जाऊन बसला होता, ओला होऊन फुगला होता. सुईने काढू म्हटलं तर शिपाई ओरडला, "बेन, बाए ना पाडी छे!" बांनी नाही म्हटलंय. दोनशे मेल समोर, घड्याळात सव्वाआठ, आणि सगळ्यात कामाचं बटन भात खाऊन बसलेलं. सुवर्णाने कपाळावर हात मारला, कपाळही लाल झालं.

मग तिने सेटिंग उघडलं. के उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतं डी. त्या बोटाला लगेच सवय होईल म्हणून तिने ओके डी वर आणलं. दोनच दिवसांचा तर प्रश्न. महेशभाईंचं नंतर बघू एफ वर सरकवलं. चिठ्ठीवर नीट लिहिलं, "दोन दिवस डी दाबू नका, एफ दाबा", आणि होती तिथेच चिकटवली. तिथेच म्हणजे माळेच्या खाली. तिला खुर्चीवरून वाकून दिसत होती. महेशभाई उंच माणूस, ताठ बसणारे.

दोन वाजले. महेशभाई आले. तिने पर्स उचलली. ओठावर आलं होतं, भाई, आज डी दाबू नका. पण ते डब्यांवरच्या नावांचं बोलणं अजून सलत होतं. चिठ्ठी आहे ना, वाचतील, म्हणून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी ती आली तर ऑफिसच्या दारात लोटूमास्तर उभे. हातात कापडाचा तुकडा, गडद मरून. आत मार्केटातली सगळ्यात मोठी पार्टी स्वतः येऊन बसलेली, आणि शेठचा चेहरा त्या कापडाच्याच रंगाचा.

"सुवर्णा, माय, हाई काय करी टाकं?" मास्तर म्हणाले. "तुमना ऑफिसमधून ओकेना कागद इना. मी लॉट टाकी दिधा. आते हाऊ भाऊ म्हणस, त्यानी थांबा सांगेल व्हतं!"

खरंच होतं. पार्टीने मेल केला होता, नमुन्याचा रंग फार गडद वाटतो, मी सांगेपर्यंत थांबा. आणि मिलकडून उत्तर गेलं होतं, ओके, काम चालू करतो. बाराशे मीटर कापड मरून होऊन बसलं. लग्नाच्या साड्यांचं कापड, हवं होतं गुलाबी. गडदाचा फिका कसा करणार?

शेठनी कॉम्प्युटरवर वेळ बघितली. उत्तर गेलं होतं दुपारी साडेचारला.

खोटं कशाला बोला, सुवर्णाला आतून जरा बरंच वाटलं. साडेचार म्हणजे आपली वेळ नाही. बघू दे आता शेठला, वीस वर्षं खुर्ची गरम करणारे काय दिवे लावतात ते.

महेशभाईंना फोन करून बोलावून घेतलं. आले बिचारे धापा टाकत. आणि बघता बघता आणखी निघालं. एक नाही, अकरा मेलना तेच उत्तर गेलं होतं. एकाने दहा दिवस उधारी वाढवून मागितली होती, ओके, काम चालू करतो. एका नोकरी मागणाऱ्या पोराला, ओके, काम चालू करतो. कोणी भागवत कथेचं आमंत्रण पाठवलं होतं, त्यांनाही ओके, काम चालू करतो.

"महेशभाई, डोकं फिरलं का तुमचं?" शेठ गरजले.

"शेठ, मी ओके लिहिलंच नाही! देवाशपथ. मी डी दाबला. रोज दाबतो तो डी. दाबला की मेल बाजूला जातो. काल पण गेला, डोळ्यासमोरून गेला!"

"डी दाबून ओके जातं?" पार्टीवाला हसला. शिपाईही तोंड लपवून हसला.

"वय झालं," शेठ म्हणाले, आवाज एकदम खाली आणून. "वीस वर्षं झाली म्हणून ठेवलं. महेशभाई, आता तुम्ही घरी बसा. सुवर्णाबेन दोन्ही पाळ्या बघतील."

आणि त्यांनी टेबलावरची फाईल उघडली. आत तिच्या पक्कीचा कागद. सुवर्णाने ओळखला, नाव टाईप केलेलं लांबूनच दिसत होतं.

पण तिचं लक्ष कागदावर नव्हतं. डी. तो शब्द ऐकला तेव्हाच तिला कळलं होतं. खोलीत बाकी कोणाला कळणार नव्हतं, कधीच. चिठ्ठी माळेखाली होती, ती काढून खिशात घातली की संपलं. सोमवारी दाणा काढायचा, ओके परत के वर न्यायचं, कोणाला पत्ता लागणार? आणि माणूस कोण, तर सात महिने जीव खाल्लेला. तीनदा बावीस बटनं पुसणारा. महेशभाई उभे होते, रुमालाने मान पुसत, आणि कीबोर्डकडे असे बघत होते जसं पाळलेलं कुत्रंच चावलंय.

सुवर्णाला भयंकर राग आला. त्यांचा, बांचा, त्या तांदळाचा, स्वतःचा. आणि त्या रागातच ती बोलली.

"शेठ, भाई खरं सांगतायत. ओके मी डी वर ठेवलं होतं."

कोणाला काही कळेना. मग तिने माळ बाजूला केली, चिठ्ठी दाखवली, दाणा दाखवला, डी दाबून एक मेल जाताना दाखवला. तो गेला शेठच्या साडूला, पण तेवढं कोणी बघितलं नाही.

शेठनी वाकून तो दाणा बघितला. बांनी टाकलेल्या तांदळाबद्दल बोलणार कोणाला? शेवटी म्हणाले, "चिठ्ठी लिहिली. तोंडाने का नाही सांगितलं?"

सुवर्णा म्हणाली, "आम्ही बोलत नाही."

"बोलत नाही!" शेठनी दोन्ही हात वर केले. "माझं बाराशे मीटर कापड, आणि हे बोलत नाहीत!" त्यांनी फाईल बंद केली. "पक्कीचं होळीला बघू. आणि महेशभाई, तुम्ही कुठे चाललात? बसा. सोमवारी दोघं एकत्र बसा आणि ती बटनं ठरवा. परत माझ्यापर्यंत बटन आलं ना, तर दोघांना हाताने चिठ्ठ्या लिहायला लावीन आणि सायकलवर मार्केटात पाठवीन."

लोटूमास्तरांनी ते कापड नेव्ही निळं करून दिलं. मरूनवर दुसरं काही चढत नाही. पार्टीने कुरकुरत घेतलं.

घरी जेवताना गजेंद्राला सांगितलं. "म्हणजे पक्की नाही?"

"नाही."

"तू गप बसली असतीस तर?"

"तर पक्की."

"मग?"

"मग काय मग! भाजी घ्या अजून." ती म्हणाली आणि पळी अशी आपटली की पोरं दचकली. गजेंद्राने भाजी घेतली. पुढे काही विचारलं नाही, शहाणा आहे तो.

सोमवारी एक वाजता महेशभाई आले, शिपायाचं स्टूल ओढून शेजारी बसले. सुवर्णाने दहा मेल निपटवले. मग त्यांनीच तोंड उघडलं, तेही चिडूनच.

"सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

"ऐकलं नसतं. पण कानावर तर पडलं असतं!"

ती म्हणाली, "डब्यांवर नावं लिहितात बायका, म्हणालात."

महेशभाईंना आठवेना. "मी म्हणालो? अरे, माझी बायको लिहिते. चांगलं असतं ते. नाहीतर मला साखरेच्या जागी मीठ सापडतं."

सुवर्णाने डोळे मिटून घेतले. महिनाभर जे काळजात घेऊन फिरले ते कौतुक होतं म्हणे. निदान आता तरी तसं म्हणतायत. माणसाने रागवायचं कुठे?

मग एकेक बटन घेऊन बसले. डी त्यांचं, यावर वाद नाही. जी वर वाद झाला. एस वर दुप्पट झाला. पुढचा मेल वरच्या बाणाने यावा की खालच्या, यावर तर शिपायाने येऊन सांगितलं की आवाज बाहेर जातोय. सगळं ठरलं आणि उरलं ते ओके.

"ते के वर राहू दे," सुवर्णा म्हणाली. "दाणा काढलाय मी."

"नको. ते कुठेच नको," महेशभाई म्हणाले.

"दिवसाला साठ वेळा हाताने लिहायचं?"

"लिहा. दोन तर अक्षरं आहेत. मी एका बोटाने लिहितो, तुम्हाला दहा आहेत."

तिला संताप आला, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आणि महेशभाई बरोबर असणं ही गोष्ट तिला बटनं पुसण्याहून जड गेली. तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत सेटिंग उघडलं आणि ओकेचं बटन काढून टाकलं.

दोन वाजले होते. ती उठणार तेवढ्यात मेल आला, त्याच मोठ्या पार्टीचा. नवा नमुना पसंत, लॉट चालू करा. सुवर्णा परत बसली. ओ लिहिला, के लिहिला, कलर किचनचा पत्ता घातला. पाठवायच्या बटनावर बोट नेलं आणि थांबली. कॉम्प्युटरचा पडदा महेशभाईंकडे फिरवला.

"वाचा."

"वाचलं."

"मोठ्याने वाचा."

"अरे बेन, आता हे रोजचं झालं का?"

"वाचा म्हणते ना."

महेशभाईंनी चष्मा पुसला, कपाळाला आठ्या घातल्या आणि शाळेतल्या पोरासारखा पार्टीचा सगळा मेल, लॉटच्या नंबरासकट, मोठ्याने वाचून दाखवला.